रोग रेड्याला, औषध पखालीला

आपल्या महाविद्यालयात सध्या सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार कोणती, असे मला कोणी विचारले तर मी परीक्षेचे, वसतिगृहातील जेवणाचे किंवा बसच्या वेळापत्रकाचे नाव घेणार नाही. ती तक्रार म्हणजे "लॅपटॉप स्लो झालाय." मराठी विभागातील मुले ती मराठीत करतात, कन्नड विभागातील मुले "सर, भाळ स्लो आगेद री" म्हणून करतात आणि प्राध्यापक मंडळी स्टाफरूममध्ये चहा घेता घेता दोन्ही भाषांत करतात. तक्रारीबद्दल माझे काही म्हणणे नाही. यंत्र म्हटले की ते कधीतरी कुरकुरणारच. माझे म्हणणे आहे ते तक्रारीनंतर जे घडते त्याविषयी. तक्रार कानावर पडताक्षणी शेजारचा कोणीतरी, एकही प्रश्न न विचारता, औषध सांगून मोकळा होतो. "फॉरमॅट मार." दुसरा म्हणतो, "रॅम वाढव." तिसरा म्हणतो, "चार वर्षे झाली ना? मग टाकून दे, नवा घे."

ही तिन्ही औषधे काही वेळा लागू पडतात, हे मी नाकारत नाही. परंतु रोग कोणता हे ठरण्याआधी औषध ठरते, ही गोष्ट मला खटकते. आपल्याकडे फार जुनी म्हण आहे: रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पूर्वी रेड्याच्या पाठीवर पाण्याने भरलेली कातड्याची पखाल लादून घरोघर पाणी पोचवीत. रेडा आजारी पडला आणि धन्याने औषध पखालीला चोळले, तर रेडाही बरा व्हायचा नाही आणि पखालही वाया जायची. लॅपटॉपच्या बाबतीत आपण सुशिक्षित माणसे रोज हेच करीत आहोत. त्यात घरच्यांनी काटकसर करून दिलेले पैसे जातात, आणि कधी कधी पैशापेक्षा मोलाचे असे काही जाते.

पहिली गोष्ट अशी, की "स्लो" हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना लावतो. एक लॅपटॉप घेतल्या दिवसापासूनच संथ असतो, किंवा वर्षा-वर्षाने थोडा थोडा संथ होत जातो. तो प्रश्न ताकदीचा आहे. दुसरा लॅपटॉप छान चालत असतो आणि एकाएकी रांगू लागतो. अक्षर टंकल्यावर ते पडद्यावर उमटायला दोन सेकंद लागतात, आवाज तुटतो, खिडक्या पांढऱ्या पडतात. मग अर्ध्या तासाने, काहीही न करता, तोच लॅपटॉप पुन्हा धावू लागतो. या दुसऱ्या दुखण्याविषयी मी लिहीत आहे. ज्या यंत्राला दहा मिनिटांपूर्वी धावता येत होते त्याची ताकद गेलेली नसते. काहीतरी त्याला अडवीत असते. म्हणून येथे "हा किती अशक्त आहे?" असे न विचारता "याला कोण धरून ठेवतो आहे?" असे विचारावयास हवे. एवढा भेद मनाशी पक्का केला तरी "नवा घे" हा सल्ला किती घाईचा आहे हे लक्षात येईल.

आपल्या शहरात आयुर्वेद शिकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांना निदानपंचक पाठ असते. निदान म्हणजे कारण. पूर्वरूप म्हणजे रोग उमटण्याआधीची चिन्हे. रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षणे. उपशय म्हणजे कशाने बरे वाटते आणि कशाने वाटत नाही हे पाहणे. आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंतची वाट. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक, वैद्यकात मला गती नाही. परंतु प्रश्न विचारण्याची ही शिस्त मला यंत्रालाही तंतोतंत लागू पडणारी वाटते. औषधाचा विचार या पाचांनंतर करावयाचा असतो, ही तर त्यातील खरी शिकवण आहे.

लक्षणांपासून सुरुवात करू. नेमके काय मंदावले आहे? पुष्कळदा लॅपटॉप ठणठणीत असतो आणि मंदावलेले असते ते इंटरनेट. आपली साठवलेली फाइल झटकन उघडते, फक्त वेबपाने उघडत नाहीत, असे असेल तर लॅपटॉप उघडून उपयोग नाही, राउटरकडे पाहावे. लॅपटॉपच मंद असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. तीत प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांवर किती ताण आहे ते टक्क्यांत दिसते, आणि प्रोसेसर त्या क्षणी किती गिगाहर्ट्झ वेगाने चालला आहे तेही दिसते. वैद्याने नाडी पाहावी तशी ही खिडकी पाहावी. मात्र ती दुखणे चालू असताना पाहावी. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय कळणार?

आता कारणे. एकाएकी मंदावण्याची कारणे शेकडो असतील, पण माझ्या पाहण्यात वारंवार येतात ती पाच: उष्णता, वीज, डिस्क, मेमरी आणि पडद्यामागे चाललेले काम.

उष्णतेचा संबंध समजण्यास बारावीचे भौतिकशास्त्र पुरते. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज ढोबळमानाने वारंवारतेच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. तापमान सुमारे 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रोसेसर आपण होऊन वारंवारता आणि व्होल्टेज उतरवतो. दोन्ही उतरल्यामुळे उष्णता झपाट्याने कमी होते, आणि त्याचबरोबर वेगही. 2001 साली टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनाने एक प्रयोग करून दाखविला होता. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा धातूचा ठोकळाच त्यांनी काढून घेतला. इंटेलचा पेंटियम 4 एकदम मंदावला, पण चालत राहिला आणि वाचला. एएमडीचा त्या काळचा अ‍ॅथलॉन मंदावला नाही. तो जळून गेला. आजचे सर्व प्रोसेसर मंदावून वाचण्याचीच रीत पाळतात. म्हणजे ज्याला आपण बिघाड म्हणतो तो कित्येकदा यंत्राचा जीव वाचविण्याचा प्रयत्न असतो. अशा वेळी विंडोज पुसून पुन्हा घातल्याने काय होणार? उष्णता तशीच राहणार.

आपल्या भागात या कारणाला विशेष जागा आहे. येथली तांबडी धूळ पंख्यातून आत जाते आणि पंखा व धातूच्या पातळ पट्ट्या यांच्यामध्ये नमद्यासारखा थर धरते. वसतिगृहात आणि घरी लॅपटॉप अंथरुणावर, वाकळेवर ठेवला जातो आणि खालची झरोकेच बंद होतात. याची चिन्हे ओळखू येतात: दहा-वीस मिनिटे जड काम केल्यावर पंखा घोंघावू लागतो, तळहाताखाली चटका बसतो, मग वेग पडतो, यंत्र गार झाले की वेग परत येतो. लॅपटॉप टेबलावर घेऊन मागची बाजू दोन बोटे उचलून पाहावी. फरक पडला तर निदान अर्ध्याहून अधिक झाले. पुढे धूळ काढणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे हे जाणकाराचे काम.

दुसरे कारण वीज. हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. लॅपटॉपला चार्जरकडून किती वॅट मिळणार याची खात्री लागते. काही लॅपटॉप ही माहिती पिनमधल्या एका वेगळ्या बारीक तारेवरून घेतात. यूएसबी-सी प्रकारात चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसांत बोलणी करून शक्ती ठरवितात. ती तार आत तुटली, किंवा 65 वॅटच्या लॅपटॉपला कोणी मोबाईलचा लहान चार्जर लावला, तर लॅपटॉप सावध होतो आणि स्वतःचा वेग अगदी खाली आणून ठेवतो. बॅटरी झिजली असेल तरीही असा संकोच होऊ शकतो.

तिसरे कारण डिस्क. जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरत्या चकतीची हार्डडिस्क असते. मिनिटाला 5400 फेऱ्या घेणाऱ्या चकतीला एका फेरीस सुमारे 11 मिलिसेकंद लागतात, आणि त्यात वाचणारा दांडा जागेवर नेण्याचा वेळ मिळवावा लागतो. म्हणून विखुरलेल्या जागी पडलेली माहिती ती सेकंदाला शंभर वेळासुद्धा वाचू शकत नाही. एसएसडी हेच हजारो वेळा करते. चकतीवरची एखादी जागा कमजोर झाली तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते, आणि तेवढा वेळ सगळा कारभार खोळंबतो. माउसचा बाण हलतो, पण काही उघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के दिसते. हे यंत्र किती नाजूक असते याचे गमतीदार प्रात्यक्षिक 2008 च्या अखेरीस ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने दिले. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या डिस्कांच्या कपाटासमोर उभा राहून तो जोराने ओरडला, आणि ओरडल्या क्षणी डिस्कांना लागणारा वेळ वाढल्याचे आलेखावर स्पष्ट दिसले. आपल्या उत्सवांतील डॉल्बीच्या भिंतीशेजारी हा प्रयोग कोणी करील तर त्याचा आलेख मला अवश्य दाखवावा. विनोद बाजूला ठेवून सांगतो: डिस्कवर संशय आला की पहिले काम एकच, आपल्या फाइलींची दुसरीकडे प्रत करणे. बाकी सर्व त्यानंतर.

चौथे कारण मेमरी. स्वयंपाकघरातील ओटा डोळ्यांसमोर आणा. ओट्यावर जागा आहे तोवर काम भराभर होते. जागा संपली की डबे माळ्यावर ठेवायचे आणि दर वेळी शिडी लावून एक उतरवायचा, दुसरा चढवायचा. मेमरी भरली की संगणक हेच करतो. तिच्यातील मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतो आणि परत आणतो. म्हणून वीस टॅबपर्यंत काही जाणवत नाही आणि एकविसाव्याला यंत्र बसकण मारते. येथे रॅम वाढविणे हे योग्य औषध ठरू शकते. पण मेमरीचा आकडा खरोखरच काठोकाठ गेलेला दिसला तर, आणि दिसल्यानंतर.

पाचवे कारण पडद्यामागचे काम: विंडोजची अद्ययावत भर, विषाणू शोधणाऱ्या प्रोग्रामची फेरी, फाइलींची सूची बनविणे. दर दिवशी ठरावीक वेळी यंत्र मंदावत असेल तर याचा संशय घ्यावा. कधी कधी या पडद्यामागे चोरही असतो. दुसऱ्याच्या यंत्रावर गुपचूप आभासी चलनाचे खाणकाम करणारे काही प्रोग्राम असे धूर्त असतात, की टास्क मॅनेजर उघडला की ते काम थांबवितात आणि बंद केला की पुन्हा सुरू करतात.

ही यादी पाठ करण्याची मुळीच गरज नाही. या पाच कारणांची बाह्य लक्षणे पुष्कळशी एकसारखी दिसतात, परंतु ती केव्हा आणि कोणत्या परिस्थितीत उमटतात हे वेगवेगळे असते, एवढेच लक्षात घ्यावे. म्हणून कारण शोधण्याचे सर्वांत उपयोगी साधन स्क्रू-ड्रायव्हर नसून वही-पेन्सिल आहे.

गेल्या वर्षी पाहिलेले एक उदाहरण देतो. खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून येणारी आमची एक विद्यार्थिनी मराठीच्या प्रकल्पासाठी जात्यावरच्या ओव्या गोळा करीत होती. म्हाताऱ्या बायकांकडे बसून तिने त्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या. काही ओव्यांत अर्धी ओळ मराठी आणि अर्धी कन्नड. मोबाईलमधील जागा संपली म्हणून तिने मुद्रणे लॅपटॉपवर हलविली आणि ऐकून ऐकून लिहून काढू लागली. तेवढ्यात लॅपटॉपने हे रंग दाखविण्यास सुरुवात केली. एकाएकी आवाज तुटायचा, यंत्र रांगायचे, मग पुन्हा ठीक. तिच्या काकांनी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात दिला. चार्जर घरीच राहिला. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला, "विंडोज खराब झाली आहे" म्हणून सगळे पुसून नव्याने घातले आणि नव्यासारखा चालतो हे काकांना दाखवून परत दिला. दुकानात तो खरोखरच नव्यासारखा चालत होता. घरी त्याच संध्याकाळी तो पुन्हा रांगू लागला.

लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा मी तिला चार दिवस फक्त नोंदी करावयास सांगितल्या. वेळ, जागा, चालू असलेले काम, चार्जर लावलेला की नाही, पंख्याचा आवाज, आणि टास्क मॅनेजरमधील वेगाचा आकडा. चार दिवसांत मंदावल्याच्या चौदा नोंदी झाल्या. चौदाही घरच्या. आमच्या वाचनालयात एकदाही नाही. वाचनालयात ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसे, आणि तेथे प्लग नाही. चौदाही वेळा चार्जर लावलेला होता. पंखा मात्र शांत होता, म्हणजे उष्णता नव्हे. डिस्क आणि मेमरी यांच्यावर ताण नव्हता. प्रोसेसरचा वेग 0.39 गिगाहर्ट्झ, म्हणजे त्याच्या नेहमीच्या वेगाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. चार्जर काढला की काही क्षणांत वेग पूर्ववत. याखेरीज लॅपटॉप सुरू करताना "चार्जर ओळखता आला नाही" अशा अर्थाची एक इंग्रजी सूचना अधूनमधून येत असे. ती एंटर दाबून पुढे जाई, कारण आपण सगळेच अशा सूचना न वाचता एंटर दाबतो. बॅटरी कधी भरे, कधी भरत नसे. तो दोष वयाचा समजला गेला होता.

एवढ्यावरही मी निकाल दिला नाही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जॉन स्टुअर्ट मिल याच्या 1843 च्या ग्रंथातील व्यतिरेक पद्धती आठवत असेल: बाकी सर्व परिस्थिती तशीच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम जातो का ते पाहावे. एका सहकाऱ्याकडून त्याच जातीचा चार्जर दोन दिवस मागून घेतला. दोन दिवस एकही नोंद नाही. तिचा चार्जर परत लावला. त्याच संध्याकाळी दोन नोंदी. पिनजवळ केबल वाकून आतली बारीक तार तुटली होती. वायर एका बाजूला कलली की जुळे, दुसऱ्या बाजूला कलली की सुटे. म्हणूनच दुखणे "एकाएकी" येत होते. दुकानात ते दिसले नाही, कारण दुकानदाराने आपला चार्जर लावला होता. रोग होता चार्जरला, औषध मिळाले विंडोजला. एका चार्जरच्या किमतीत काम झाले असते.

आणि ओव्या? काही मुद्रणे एका मैत्रिणीला पाठविलेली होती, ती मिळाली. अकरा गेली. त्यांतील बहुतेक बायकांकडे ती पुन्हा जाऊन आली. एका आजींकडे पुन्हा जाणे आता शक्य नाही.

दुकानदाराला मी खलनायक ठरवीत नाही. त्याच्यापुढे दिवसाला कितीतरी यंत्रे येतात, आणि "एकदा पुसून टाकले की पुष्कळशी चालतात" हा त्याचा अनुभव खोटा नाही. त्याला कोणी काही सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. प्रश्न विचारण्याची सवयच आपल्या व्यवहारातून उठून गेली आहे, हे माझे खरे दुःख आहे.

या सवयीअभावी जगभर काय घडू शकते याचेही उदाहरण ताजे आहे. अ‍ॅपल कंपनीने 2017 च्या जानेवारीत एका अद्ययावत भरीद्वारे जुन्या बॅटरीच्या आयफोनांचा वेग गरजेप्रमाणे उतरविण्याची सोय केली. झिजलेली बॅटरी ऐन ताणाच्या वेळी पुरेशी वीज देऊ शकत नव्हती आणि फोन अचानक बंद पडत होते, म्हणून ही तजवीज. परंतु वापरणाऱ्यांना हे स्पष्ट सांगितले नव्हते. लोकांना वाटे, फोन जुना झाला. त्या वर्षाच्या डिसेंबरात एका वापरणाऱ्याने बॅटरी बदलल्यावर फोन पुन्हा वेगवान झाल्याचे आकड्यांनिशी जाहीर केले; पाठोपाठ जॉन पूल या तंत्रज्ञाने अनेक फोनांच्या वेगमापनांचे आलेख काढून दाखविले की हे वय नसून मुद्दाम घातलेली मर्यादा दिसते. मग कंपनीने ते मान्य केले, माफी मागितली आणि हमीबाहेरच्या फोनांची बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. ज्यांनी तत्पूर्वी "जुना झाला" म्हणून नवा फोन घेतला, त्यांच्यापैकी कित्येकांना नुसती बॅटरी पुरली असती. मोजून पाहणारा एक माणूस भेटेपर्यंत कारण समोर असूनही दिसत नव्हते.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला: प्रत्येकाने मेकॅनिक व्हायचे काय? नाही. चार दिवसांची वही ठेवण्यास तंत्रज्ञान लागत नाही. ती वही घेऊन तुम्ही दुकानात जा. दुकानदाराचे निम्मे काम झालेले असेल आणि तुम्हाला फसवणेही कठीण होईल. डॉक्टरकडे जाणारा माणूस डॉक्टर नसतो, पण ताप केव्हा येतो एवढे तो सांगतोच ना?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उद्या प्रकल्प द्यायचा आहे, यंत्र अडले आहे, आणि तुम्ही नोंदी करा म्हणता! मान्य. अशा वेळी फाइलींची प्रत करा, मित्राचा लॅपटॉप घ्या, किंवा यंत्र रीस्टार्ट करा. रीस्टार्टविषयी एक गोष्ट सांगून ठेवतो. 2012 च्या विंडोज 8 पासून नुसते बंद करून चालू केल्याने, फास्ट स्टार्टअपची सोय चालू असल्यास, विंडोजचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. "रीस्टार्ट" निवडल्याने होतो. पण निकड भागली की कारण शोधाच. फॉरमॅटला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठी, की त्याने दुखणे गेले तरी साक्षीदारही जातो. चोरी झाल्यावर पंचनाम्याआधीच खोली सारवून काढावी तसा हा प्रकार आहे. चोर पुन्हा आला तर कोठून आला हे सांगायला काहीच उरत नाही. कधी कधी पुष्कळ शोधूनही कारण सापडत नाही, हेही खरे. अशा वेळी वहीत "कारण सापडले नाही" असे लिहावे. ते खोट्या खात्रीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे.

आता एक कटू गोष्ट लिहितो; ती विद्यार्थ्यांइतकीच आम्हा प्राध्यापकांनाही लागू आहे. उत्तर आधी आणि निरीक्षण मागून, हे आपण प्रयोगशाळेतच शिकवीत आलो आहोत. गुरुत्वत्वरणाचे उत्तर 980 यायला हवे हे ठाऊक असते. म्हणून आधी उत्तर लिहायचे आणि त्याला जुळतील अशी रीडिंग मागच्या दाराने बसवायची. जर्नल सुबक होते, सही मिळते, गुण मिळतात. तीन वर्षे असे करणाऱ्या विद्यार्थ्याने लॅपटॉप पाहताच "फॉरमॅट मार" म्हटले तर नवल कसले? तो आपल्या शिक्षणाला जागतो आहे. उलट, बिघडलेला लॅपटॉप हा असा प्रयोग आहे की ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही आणि शेजाऱ्याच्या जर्नलमध्येही नाही. तेथे रीडिंग खरी घ्यावीच लागतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. संगणक प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्राला एक वही दोरीने बांधावी. यंत्र मंदावले की वापरणाऱ्याने तीन ओळी लिहाव्यात, मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत, ज्याला जी जमेल तीत: केव्हा, काय चालू असताना, काय केल्यावर बरे वाटले. तंत्रज्ञाने आधी वही वाचावी, मग हात लावावा, आणि एका वेळी एकच बदल करावा. वर्षअखेर शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांनी त्या वह्या घेऊन बसावे. जर्नलमधल्या पाच ठराविक प्रयोगांपेक्षा तो अधिक खरा प्रयोग होईल. आणि कोणत्याही प्रकल्पाची दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत मार्गदर्शकाने पहिल्या महिन्यातच डोळ्यांनी पाहावी. याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती थोडी चिकाटी.

तोपर्यंत, पुढच्या वेळी कोणी तुमच्यापाशी "लॅपटॉप स्लो झालाय" असे म्हणाले तर औषध सांगू नका. "केव्हापासून? आणि चार्जर लावलेला असताना की नसताना?" एवढे दोनच प्रश्न विचारा. समोरचा बोलता बोलता थांबला आणि आठवू लागला, तर निदानाला सुरुवात झाली असे समजावे.